दोन शाळा, दोन सावल्या

कोल्हापुरातील एका शाळेच्या पटांगणात २२ डिसेंबरच्या दुपारी एक मीटर उंचीची काठी सरळ उभी केली आहे अशी कल्पना करा. सूर्य जसजसा वर चढतो, तसतशी तिची सावली आखूड होत जाते आणि साडेबाराच्या सुमारास ती सर्वांत आखूड, म्हणजे सुमारे ८४ सेंटिमीटर भरते. आता एवढ्या एका आकड्यावरून पृथ्वीचा परीघ काढा, असे तुम्हांला कोणी सांगितले तर? तुम्ही गणितात कितीही हुशार असा, हे उदाहरण सुटणार नाही. ते अवघड आहे म्हणून नव्हे, तर त्यात एक आकडा कमी आहे म्हणून. आणि तो आकडा कोल्हापुरात कुठेच मिळणार नाही. ग्रंथालय धुंडाळा, नाहीतर पटांगणभर काठ्या रोवा. तो मिळवायला त्याच दिवशी, त्याच दुपारी, दूरच्या एखाद्या गावी कोणीतरी दुसरी काठी उभी केलेली असली पाहिजे.

समजा, ती काठी नंदुरबारच्या एका शाळेत उभी आहे. नकाशा उघडून पाहा. कोल्हापूर आणि नंदुरबार ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, ७४¼° पूर्वेला, एकाखाली एक बसली आहेत. त्यामुळे दोन्हीकडे माध्यान्ह एकाच वेळी होते. २२ डिसेंबरला ही वेळ घड्याळात साधारण १२ वाजून ३१ मिनिटे अशी येते. (बारा का नाहीत? कारण आपले घड्याळ ८२½° रेखांशावरच्या सूर्याप्रमाणे लावलेले आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत.) त्या क्षणी कोल्हापुरात सावली ८४ सेंटिमीटर असताना नंदुरबारात ती ९९ सेंटिमीटर असते. दोन सावल्यांत तब्बल पंधरा सेंटिमीटरांचा फरक! मोजपट्टी घेऊन सहावीतला मुलगासुद्धा तो मोजू शकेल.

पुढचे गणित इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले आहे. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस याने ते केले. दक्षिणेकडील सायीन गावी, म्हणजे आजच्या आस्वानला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो हे त्याला ठाऊक होते. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७.२ अंश, ढळलेला होता. मग पृथ्वीचा परीघ दोन गावांतील अंतराच्या पन्नासपट असला पाहिजे, हे त्याचे अनुमान.

असे का? सूर्य इतका दूर आहे की दोन्ही गावांना येणारे त्याचे किरण समांतर मानता येतात. दोन्ही काठ्या जमिनीत खोल, खूप खोल वाढवत नेल्या आहेत असे समजा. त्या पृथ्वीच्या केंद्रात एकमेकींना मिळतील. तिथे होणारा कोन आणि दोन्ही ठिकाणच्या सूर्याच्या कोनांतील फरक हे एकच. कोल्हापूरची सावली ०.८४३ मीटर, टॅन्जंटच्या कोष्टकातून कोन येतो ४०.१ अंश. नंदुरबारची सावली ०.९९३ मीटर, कोन ४४.८ अंश. दशांश थोडे अधिक घेतले तर फरक ४.६६ अंश. दोन गावांमधले सरळ अंतर नकाशावर ५१६ किलोमीटर आहे. ४.६६ अंशांना ५१६ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडा. उत्तर ३९,८०० ते ३९,९०० किलोमीटरांच्या दरम्यान येईल. पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे.

चौकस वाचक इथे अडेल, आणि अडावेच. हे ५१६ किलोमीटर आले कुठून? पृथ्वीचा आकार गृहीत धरून काढलेले अंतर वापरले, तर आपण आपलीच शेपटी पकडली असे होईल. रस्त्याचे अंतर चालणार नाही, कारण रस्ता वळणे घेत जातो. पण आपल्या नकाशांचा पाया जमिनीवरच्या प्रत्यक्ष मोजणीत आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ साखळीने एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत भारताची महामोजणी उत्तरेकडे सरकत गेली. ते काम करीत असतानाच १८२३ मध्ये तो वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात दूरच्या टेकडीवरचे ठिकाण रात्री दिवे लावून आणि दिवसा आरशाने ऊन परावर्तित करून दाखवीत. दोन ठिकाणची माणसे एकमेकांना पाहत एकच मोजमाप करीत आहेत, हे चित्र ध्यानात ठेवा. ते पुढे उपयोगी पडेल.

पोस्टकार्डाने भागले नसते का?

कोल्हापूर आणि नंदुरबारच्या दोन वर्गांना आज पडद्यावर समोरासमोर बसवणे सोपे आहे. एक संगणक किंवा एक बरा मोबाइल, त्याला जोडलेला ध्वनिवर्धक आणि इंटरनेट असले की व्हिडिओ कॉन्फरन्स सुरू होते. हे नेहमीच इतके सोपे नव्हते. १९७५-७६ साली ‘साइट’ या प्रयोगात एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहावरून भारतातील सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचले. पण ती वाट एकेरी होती. मुलांना पाहता येई, विचारता येत नसे. १९९२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ‘सीयू-सीमी’ नावाची संगणकप्रणाली तयार झाली. तिचे चित्र लहानसे, कृष्णधवल, अडखळत हलणारे. पण दोन्ही बाजूंनी एकमेकांना पाहता येत होते, आणि १९९३ मध्ये ‘ग्लोबल स्कूलहाऊस’ या प्रकल्पातील शाळांनी ती वापरून एकमेकींशी संवाद साधला. भारताने २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पडद्यावरून परदेशांतील वर्गांशी जोडून घेणे हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. आणि त्याच वर्षी मार्चपासून शाळा बंद झाल्यावर तर घरोघरच्या मुलांनी पडदा इतका पाहिला, की त्याचे नावीन्य पार ओसरून गेले.

नावीन्य ओसरले हे एका परीने बरेच झाले. दोन शाळांना जोडणारे काही तास मी वर्गात मागे बसून पाहिले आहेत. त्यांतले बरेचसे एकाच साच्याचे होते. दोन्हीकडे फळ्यावर रंगीत खडूने ‘सुस्वागतम्’. इकडून स्वागतगीत, तिकडून स्वागतगीत. दोन्ही मुख्याध्यापकांची दोन शब्दांत न आटोपणारी दोन भाषणे. ‘तुमच्याकडे पाऊस कसा आहे?’ ‘चांगला आहे.’ मग हात हलवून निरोप. यात वाईट काहीच नाही, पण याला प्रकल्प म्हणू नये. माझी कसोटी साधी आहे. तास संपल्यावर आपल्याला असे काही कळले का, जे दुसऱ्या शाळेवाचून कधीही कळले नसते? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती भेट झाली, अभ्यास झाला नाही.

आता तुम्ही मला उलट विचाराल : सावलीचा एक आकडा तर कळवायचा, त्याला पडदा कशाला? पोस्टकार्ड टाकले तरी चालेल की! खरे आहे. एराटोस्थेनिसचे काम तेवढ्यावरच भागले. सायीनला आपला माणूस समोर दिसावा असा त्याचा आग्रह नव्हता. परंतु पोस्टकार्डावर फक्त आकडा येतो, तो कसा मिळवला ते येत नाही. आणि मोजमापातली चूक करणाऱ्याला ती दिसत नसते. दिसली असती तर त्याने ती केलीच नसती.

मी पाहिलेल्या एका तासाला एका बाजूची मुले मोठ्या हौसेने सावली मोजत होती. काठी ओळंब्यात होती, पट्टी सरळ होती. पडद्यापलीकडे बसलेल्या एका मुलीने विचारले, ‘तुमच्या पटांगणात पाणी ओतलं तर ते कुठे वाहतं?’ इकडची मुले क्षणभर गोंधळली. मग एकाने खरोखरच बादलीभर पाणी आणून ओतले, आणि ते काठीकडून सावलीच्या टोकाकडे झरझर वाहत गेले. जमीन उतरती होती. उतरत्या जमिनीवर सावली लांब पडते. रोज त्याच पटांगणात खेळणाऱ्या मुलांना तो उतार कधी जाणवला नव्हता. शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या मुलीला पडद्यावर तो दिसला, कारण ती मोजमापाकडे परक्याच्या नजरेने पाहत होती. पोस्टकार्डाने हा प्रश्न विचारला नसता.

तिसरी शाळा का हवी?

पडद्याचा याहून मोठा उपयोग एका वादात आहे. तो वाद तुम्ही स्वतः उभा करायचा आहे.

दोन सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ निघाला खरा. पण पृथ्वी गोल आहे हे त्यात आपण आधीच धरून चाललो होतो. एखादा हट्टी मित्र म्हणेल, ‘पृथ्वी सपाट आहे. सूर्य फार दूर नाही, जवळच आहे, म्हणून दोन गावी त्याचे कोन वेगळे दिसतात.’ त्याला खोडून काढा पाहू! रस्त्यावरच्या दिव्याखाली दोन काठ्या उभ्या केल्या तर सपाट रस्त्यावरही त्यांच्या सावल्या लहानमोठ्या पडतात. मित्राच्या मताप्रमाणे गणित केले, तर सावलीतला ०.१५० मीटरचा फरक आणि ५१६ किलोमीटर अंतर यांवरून सूर्याची उंची निघते सुमारे ३,४४० किलोमीटर. दोन आकड्यांशी हे उत्तरही तंतोतंत जुळते! केवळ दोन शाळांच्या बळावर तुम्ही त्याला खोटा ठरवू शकत नाही.

म्हणून तिसरी शाळा घ्या, आणि ती दूरची घ्या. आपले रेखावृत्त उत्तरेकडे वाढवीत नेले तर ते अमृतसरच्या जवळून जाते. अमृतसरचा रेखांश ७४.९° म्हणजे माध्यान्हात जेमतेम अडीच मिनिटांचा फरक. कोल्हापूरपासून ते उत्तरेला सुमारे १,६५० किलोमीटर आहे. आता दोन्ही पक्षांनी आपापले भाकीत फळ्यावर लिहावे. सपाट पृथ्वीचा पक्ष म्हणेल : दर ३,४४० किलोमीटरला सावली एक मीटरने वाढते, तेव्हा अमृतसरची सावली ८४ अधिक ४८, म्हणजे १३२ सेंटिमीटर. गोल पृथ्वीचा पक्ष म्हणेल : ५१६ किलोमीटरला ४.६६ अंश, तर १,६५० किलोमीटरला १४.९ अंश, ४०.१ मध्ये ते मिळवले की ५५ अंश. ५५ अंशांचा टॅन्जंट १.४३, म्हणून १४३ सेंटिमीटर.

एकशे बत्तीस की एकशे त्रेचाळीस? अकरा सेंटिमीटर म्हणजे काही मोजपट्टीच्या हलगर्जीपणात लपणारा फरक नव्हे. कोल्हापूर आणि नंदुरबारच्या दोन्ही वर्गांनी भाकिते लिहून ठेवलेली आहेत, ती पुसता येणार नाहीत, पडद्यावर सगळ्यांना दिसत आहेत; आणि अमृतसरची मुले अजून पट्टी लावत आहेत. या दोन मिनिटांसाठी व्हिडिओ कॉन्फरन्स करावी असे माझे मत आहे. निकाल आधी लागलेला नाही, तो कोणाच्या पुस्तकातून येणार नाही आणि तो बदलणे कोणाच्या हातात नाही. (डिसेंबरात तिकडे धुके असते, ते दुपारपर्यंत निवळले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे लागेल. सूर्याची उंची त्या दिवसांत फारशी बदलत नाही. मात्र तिन्ही शाळांनी मोजमाप एकाच दिवशी घ्यावे.)

आणखी उत्तरेला श्रीनगर आणि दक्षिणेला मंगळूर हीसुद्धा याच रेषेच्या आसपास आहेत. पण श्रीनगरच्या शाळांना डिसेंबरात थंडीची सुट्टी असते. त्यांच्याशी जोडी जमवायची तर २३ सप्टेंबरचा सुमार बघा. सूर्य कोल्हापुरात बरोबर डोक्यावर येतो तो दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात असतो. एराटोस्थेनिसचा प्रयोग जसाच्या तसा करायला तो फार सोयीचा, पण तेव्हा आपल्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीवर!

काठी, ओळंबा आणि भोक

आता हात कामाला लावू. वर दिलेले आकडे गणितातले आहेत. तुमचे आकडे असे गोजिरे येणार नाहीत. समजा कोल्हापूरच्या गटाची सावली ८४.६ सेंटिमीटर आली, म्हणजे ३ मिलिमीटर जास्त. आणि नंदुरबारची ९८.८, म्हणजे ५ मिलिमीटर कमी. एवढ्याने काय बिघडते? कोन येतात ४०.२३ आणि ४४.६५, फरक ४.४२ अंश, परीघ ४२,००० किलोमीटरच्या वर. मिलिमीटरांच्या चुकीतून दोन हजार किलोमीटर! कारण दोन मोठ्या कोनांची वजाबाकी करून आपण एक लहान कोन काढतो, आणि मोठ्यांच्या चुका सगळ्या त्या लहानाच्या अंगावर पडतात. अमृतसरशी जोडी लावली की फरक १५ अंशांचा होतो आणि तेवढीच चूक तिपटीने सौम्य होते.

काठीच्या सावलीचे टोक नीट पाहिले आहे का? ते कधीच रेखीव नसते. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. तिच्या एका कडेने टाकलेली सावली जिथे संपते तिथे दुसऱ्या कडेची संपत नाही. मध्ये दीड-दोन सेंटिमीटरांचा धूसर पट्टा राहतो. एका गटाने त्याची आतली कड मोजली, दुसऱ्याने बाहेरची, तर प्रयोग तिथेच बुडाला. उपाय असा : काठीच्या टोकाला पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आडवा बसवा आणि त्याला तीन मिलिमीटरचे गोल भोक पाडा. पुठ्ठ्याच्या सावलीत जमिनीवर एक लंबगोल उजळ ठिपका दिसेल. ती सूर्याची प्रतिमा आहे. ठिपक्याचा मध्य खडूने टिपा. उंची भोकापासून जमिनीपर्यंत मोजा, आणि भोकातून ओळंबा सोडून तो जमिनीला टेकतो तिथून अंतर मोजायला लागा. काठीच्या बुंध्यापासून नको. जमीन सपाट आहे की नाही ते गवंडी पाणी भरलेल्या नळीने पाहतो. त्याच्याकडून ती अर्धा तास मागून आणा. सूर्याकडे सरळ पाहू नका. त्याची गरजच नाही.

सव्वाबारापासून बारा पन्नासपर्यंत दर दोन मिनिटांनी एक खूण करा. सर्वांत आखूड सावली ती माध्यान्हाची. तिच्या आसपास सावलीची लांबी फार हळू बदलते, त्यामुळे एकदोन मिनिटे इकडेतिकडे झाली तरी लांबीत चूक येत नाही. उलट, माध्यान्हाची नेमकी वेळ काढायची असेल तर हीच गोष्ट आड येते. तिथे आपल्या जुन्या ज्योतिर्विदांची युक्ती वापरावी. ते बारा अंगुळांचा शंकू उभा करून त्याभोवती वर्तुळ काढीत. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला आत येताना कधी शिवते आणि दुपारी बाहेर जाताना कधी शिवते हे पाहायचे. दोन वेळांच्या बरोबर मध्ये माध्यान्ह. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते, हा वरचा लाभ.

सर्वांत महत्त्वाचा नियम शिक्षकांसाठी आहे. दोन्ही गटांनी आपला आकडा कागदावर लिहून मगच तो एकदम कॅमेऱ्यासमोर धरावा. एकाने आधी सांगितला की दुसऱ्याची पट्टी नकळत ‘हव्या त्या’ ठिकाणी सरकते. मोठ्यांच्या प्रयोगशाळांतही हे होते.

आवाज उशिरा का येतो?

काठ्या उभ्या करण्याआधी ज्या दुव्यावर आपण विसंबणार त्याचीच परीक्षा घ्या. हा प्रयोग ढगाळ दिवशीही होतो. वर्गातल्या दोघांनी समोरासमोर बसून आळीपाळीने अंक म्हणायचे : एक, दोन, तीन… पन्नासपर्यंत, दुसऱ्याचा अंक ऐकताच आपला. समजा ४० सेकंद लागले. आता हेच दोन शाळांतल्या दोघांनी पडद्यावरून करायचे. समजा ५३ सेकंद लागले. वाढलेले १३ सेकंद सुमारे ५० खेपांत वाटले गेले, तेव्हा एका खेपेचा उशीर ०.२६ सेकंद.

हा उशीर अंतराचा आहे का? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. ५१६ किलोमीटरना त्याला ०.००२६ सेकंद पुरतात. तार जरा वळसे घेऊन गेली असे धरले तरी आपल्या उशिराचा तो अगदी छोटा हिस्सा. बाकीचा वेळ दोन टोकांच्या यंत्रांत आणि वाटेतल्या थांब्यांवर जातो. कॅमेरा सेकंदाला साधारण तीस चित्रे घेतो. प्रत्येक चित्रातला न बदललेला भाग वगळून त्याचा संक्षेप केला जातो, मग त्याची लहान लहान पाकिटे करून ती पाठवली जातात. पाकिटे ठरल्या अंतराने पोचत नाहीत. काही लवकर येतात, काही रेंगाळतात. पंगतीत भात आला की लगेच जेवायला बसत नाहीत, वरण आणि भाजी येईपर्यंत थांबतात; तसा पलीकडचा संगणक थोडी पाकिटे साठवून मगच चित्र आणि आवाज सुरू करतो, नाहीतर बोलणे मध्येमध्ये तुटेल. दुवा भूस्थिर उपग्रहावरून जात असेल तर मात्र अंतरच भारी पडते. तो ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. वर जाऊन खाली यायलाच सुमारे ०.२४ सेकंद.

पाव सेकंदात हवेतून आवाज ८५ मीटर जातो. म्हणजे पडद्यावरची मैत्रीण तुम्हांला समोर दिसते, पण ऐकू येते ती ८५ मीटर लांबून बोलावे तशी. म्हणूनच दोन्ही शाळांनी मिळून एकदम समूहगीत म्हणायचा बेत करू नये. इकडचे धृपद संपते तेव्हा तिकडचे अजून चालू असते. एकमेकांचे बोलणे तोडले जाते तेही उद्धटपणामुळे नव्हे, या पाव सेकंदामुळे. सावलीच्या प्रयोगाला मात्र त्याने काही होत नाही. पाव सेकंदात पृथ्वी चार विकला फिरते, म्हणजे अंशाचा सुमारे हजारावा भाग.

आवाज घुमत असेल तर कारण सोपे आहे. ध्वनिवर्धकातून आलेला तिकडचा आवाज तुमचा मायक्रोफोन पकडतो आणि परत तिकडेच पाठवतो. ऐकण्याच्या वेळी आपला मायक्रोफोन बंद ठेवा. इंटरनेट मंद असेल तर चित्र बंद करून नुसत्या आवाजावर बोला आणि ओळंबा दाखवण्यापुरतेच चित्र सुरू करा. खेड्यातल्या शाळेला हे एका मोबाइलवर जमते. मुलांच्या चेहऱ्यांचे चित्रीकरण साठवून ठेवण्याची काही गरज नाही. वहीतले आकडे साठवा.

मुंबईत ऊन, नागपुरात दिवे

रेखावृत्त सोडून पूर्व-पश्चिम जोडी घेतली तर निराळी मौज आहे. नागपूर मुंबईच्या पूर्वेला ६.२ अंश आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून नागपूरची माध्यान्ह मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी होते. हे भूगोलाच्या पुस्तकात आहेच. पण संध्याकाळी दोन्हीकडून कॅमेरा खिडकीकडे वळवा. नागपूरच्या खिडकीत दिवे लागलेले आणि मुंबईच्या खिडकीत अजून सूर्य, दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच क्षणी! पृथ्वी फिरते हे इतक्या स्वस्तात दाखवणारे दुसरे साधन मला माहीत नाही. शंकूने दोन्हीकडची माध्यान्ह टिपून वरच्यासारखेच त्रैराशिक केले तर परीघ ३७,६०० किलोमीटरच्या आसपास येईल. तो कमी का येतो याचा विचार तुम्हीच करा; दोन्ही गावे विषुववृत्तावर नाहीत एवढे सांगतो.

आणि याहून लांबची जोडी हवी असेल तर मॉरिशस आहे. तिथल्या काही शाळांत मराठी शिकवतात, त्यामुळे बोलण्याचीही अडचण नको. त्यांचे घड्याळ आपल्या दीड तास मागे. २१ मार्चच्या सुमारास दोन्हीकडच्या माध्यान्हीच्या सावल्या जवळजवळ सारख्याच लांबीच्या, पण मुंबईची उत्तरेला पडते आणि त्यांची दक्षिणेला. एखाद्या संध्याकाळी चंद्राजवळ ठळक ग्रह असेल तेव्हा ठरवून एकाच मिनिटाला दोन्हीकडून छायाचित्र घ्या. मुंबई आणि मॉरिशस यांच्यात सरळ रेषेत सुमारे ४,६०० किलोमीटर आहेत. या पायारेषेवरून चंद्र ग्रहाच्या तुलनेत ⅔ अंशापर्यंत सरकलेला दिसू शकतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीहूनही अधिक. त्यावरून चंद्राचे अंतर काढता येते. त्याची रीत मोठी आहे. तिला वेगळा लेख लागेल.

सोडवून पाहा

२२ डिसेंबरला कोल्हापूर आणि नंदुरबारच्या दोन गटांनी वर सांगितल्याप्रमाणे सारी काळजी घेऊन प्रयोग केला. जमीन सपाट होती, ओळंबा सरळ होता, ठिपक्याचा मध्य बरोबर टिपला होता. तरीही त्यांचा परीघ ४५,००० किलोमीटरच्या वर गेला. दोन्ही गटांनी आपापल्या काठीची उंची १०० सेंटिमीटर धरली होती. पण नंदुरबारच्या मुलांची मोजपट्टी सुरुवातीला झिजलेली होती आणि काठी प्रत्यक्षात ९८ सेंटिमीटर होती. सावली मात्र त्यांनी दुसऱ्या, चांगल्या पट्टीने मोजली. (अ) त्यांना सावली किती मिळाली असेल? (आ) परीघ नेमका किती आला असेल? (इ) उंची आणि सावली दोन्ही त्याच झिजलेल्या पट्टीने मोजल्या असत्या, तर चूक वाढली असती की कमी झाली असती? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक जुनी पट्टी हातात घेऊन तिचे शून्य कुठे आहे ते पाहा.